बाणावरची अक्षरे

ज्या गोष्टी मनुष्य जन्मभर शिकवीत असतो, त्या त्याला समजलेल्या असतातच असे नाही. हे सत्य त्याला बहुधा सेवानिवृत्तीनंतर उमगते. कारण तोवर प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचा असतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्या बाकांवरील पोरांची. आम्ही तेहेतीस वर्षे मांडवीकाठच्या एका शाळेत विज्ञान शिकवले. त्या अवधीत फळ्यावर रासायनिक समीकरणे किती लिहिली आणि किती पुसली, याची गणती नाही. पण समीकरण वाचावे कसे, हा प्रश्न आम्हांला कोणी सरळ विचारला तो गेल्या मे महिन्यात, वयाच्या पंचाहत्तरीत. आणि विचारणारी होती दहावीचे पुस्तक नुकतेच हाती आलेली आमची नात.

प्रसंग घडला तो घराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने. आमचे घर चिऱ्यांचे. आजोबांनी ते बांधले तेव्हा चिऱ्यांच्या सांध्यांत चुना घातला आणि वर गिलावाही चुन्याचाच केला. पुढे १९९८ साली आम्ही भावाभावांनी, नव्या काळाला शोभेल असे काही करावे म्हणून, बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. सिमेंटचा यात दोष नाही. दोष आमच्या उतावळेपणाचा. चिरा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे उन्हाळ्यात चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट अडवली. ओल आत कोंडली, आतल्या भिंतींना पोपडे धरले आणि देवघराच्या कोपऱ्यात दर श्रावणात बुरशीची नक्षी उमटू लागली. अखेर सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावावयाचे ठरले. चुन्याचे काम जाणणारा, सत्तरी ओलांडलेला एक गवंडी मोठ्या प्रयासाने मिळाला. त्याने अंगणात खड्डा खणून घेतला, त्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकले आणि लांब दांड्याच्या डब्याने, दोन पावले मागे उभा राहून, पाणी घालावयास सुरुवात केली.

कळीच्या चुन्यावर पाणी पडलेले ज्यांनी पाहिले असेल त्यांना पुढचे सांगावयास नको. क्षणभर काहीच होत नाही. मग खडा कुरकुरतो, त्याला भेगा पडतात, तो फुलतो, आणि खाली विस्तवाचा मागमूस नसताना खड्ड्यातले पाणी खदखदू लागते. वाफेचे लोट उठले. आमची नात ओसरीच्या पायरीवर बसून डोळे विस्फारून पाहत होती. तिला जवळ जावयाचे होते, पण गवंड्याने हातानेच तिला अडवले आणि म्हटले, "बाय, हें उतावळ्या मनशाचें काम न्हय." ती आत गेली आणि थोड्या वेळाने पुस्तक घेऊन बाहेर आली.

"आजोबा, हेच का ते?" तिने पानावर बोट ठेवले. तेथे हेच समीकरण छापलेले होते. आम्ही ते येथे शब्दांत देतो:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड + उष्णता

"हेच," आम्ही म्हणालो. आमच्या स्वरात मास्तरी समाधान होते. ते फार वेळ टिकले नाही.

"मग मला हे वाचून दाखवा. पाठ करून नको. वाचून."

वाचून दाखवणे यात अवघड काय, असे आम्हांला वाटले. आम्ही सुरुवात केली. बाणाच्या डावीकडे जे पदार्थ लिहितात ते अभिकारक. म्हणजे आरंभी जे आपल्यापाशी होते ते. उजवीकडे ती उत्पादिते. म्हणजे अखेरीस जे हाती आले ते. डावीकडील अधिक चिन्हाचा अर्थ 'याच्याशी', उजवीकडील अधिक चिन्हाचा अर्थ 'आणि शिवाय'. गणितात अधिकाचे चिन्ह दोन्ही बाजूंना एकच काम करते. येथे मात्र ते एकीकडे भेट घडवते आणि दुसरीकडे झडती देते.

"आणि बाण? बरोबरीचं चिन्ह का नाही?"

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. रसायनशास्त्राला हा बाण जन्मापासून लाभलेला नव्हता. फ्रान्सच्या लाव्वाझिए यांनी १७८९ साली आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, त्यात द्राक्षाच्या रसाचे आंबणे त्यांनी एका ओळीत मांडले आहे. एका बाजूला द्राक्षाचा रस, दुसऱ्या बाजूला कार्बनी आम्ल आणि मद्यार्क. आणि मध्ये आहे ते बरोबरीचे चिन्ह. हे गृहस्थ सरकारी कर गोळा करणाऱ्या मंडळीपैकी होते. हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च यांचा मेळ बसलाच पाहिजे, ही शिस्त त्यांच्या हाडीमांशी खिळलेली असावी. तीच त्यांनी प्रयोगशाळेत नेली: प्रयोगापूर्वी जितके वजन, तितकेच प्रयोगानंतर, काही नष्ट होत नाही, काही नव्याने उपजत नाही. पुढे राज्यक्रांतीच्या धुमाळीत, १७९४ साली, त्याच करवसुलीपायी या पुरुषाचा शिरच्छेद झाला. त्यांचा हिशेब मात्र राहिला. नंतर दीर्घकाळ रसायनशास्त्रज्ञ बरोबरीचे चिन्हच वापरीत. १८८४ साली हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी, काही अभिक्रिया पुढे आणि मागे अशा एकाच वेळी चाललेल्या असतात हे दाखवण्यासाठी, परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण योजले. बरोबरीचे चिन्ह एवढेच सांगते की दोन्हीकडे वजन सारखे. बाण त्याहून अधिक सांगतो: हे आधी, ते नंतर. समीकरणात काळ शिरला तो बाणाच्या रूपाने.

आमचे हे भाषण नातीने शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "पण वजन सारखं कसं? हा चुना शिंपल्यांपासून होतो ना? गवंडीमामा तर म्हणाले की भट्टीत शिंपले भरताना टोपली जड असते आणि चुना काढताना हलकी."

गवंड्याचे म्हणणे खरे होते. आमच्या नदीकाठी शिंपले आणि खुबे जाळून चुना करीत, त्या भट्ट्यांवर टोपल्या वाहणाऱ्या बायांना ही गोष्ट मानेने ठाऊक होती. शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तो तापला की त्याचे दोन भाग होतात:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

शंभर किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट जाळले तर छप्पन्न किलो कळीचा चुना टोपलीत येतो आणि चव्वेचाळीस किलो वायू आकाशात निघून जातो. ५६ आणि ४४ मिळून १००. हिशेब चोख आहे. फक्त त्यातील एक रक्कम डोळ्यांना दिसत नाही. ती दिसत नाही म्हणूनच माणसे कित्येक शतके चुकली. पूर्वीच्या विद्वानांची समजूत अशी की दगड भट्टीत तापला म्हणजे अग्नीचा काही अंश त्यात शिरतो आणि त्यामुळे चुना दाहक बनतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी वजने करून दाखवले की त्यात काही शिरत नाही, उलट त्यातून काहीतरी निघून जाते. आणि जे निघून जाते तो एक वायू आहे. हे संशोधन १७५६ साली प्रसिद्ध झाले. आपण जो श्वास सोडतो त्यातही तोच वायू असतो, हेही त्यांनी चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ओळखले. स्वच्छ निवळी दुधासारखी गढूळ होते.

"म्हणजे उजवीकडचं जे दिसत नाही तेही लिहायचं."

"लिहावयाचेच. न दिसणारे सोडून दिले तर समीकरण जुळत नाही."

हे वाक्य आम्ही किती सहज बोलून गेलो!

त्यानंतर आम्ही अंकांकडे वळलो. कारण परीक्षेत मुले घसरतात ती बहुधा तेथे. समीकरणात दोन प्रकारचे अंक असतात. एक पदार्थाच्या आधी, पूर्ण आकाराने लिहिलेला; त्याला सहगुणक म्हणतात. दुसरा मूलद्रव्याच्या अक्षराच्या पायाशी बसवलेला, लहानसा, तो पादांक. मूलद्रव्यांना अक्षरे देण्याची सध्याची पद्धत स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास घातली. त्यांच्या लेखनात हे लहान अंक अक्षरांच्या डोक्यावर असत. पुढे ते पायाशी आले. जागा बदलली तरी अर्थ तोच राहिला. पादांक सांगतो की हा पदार्थ कसा घडला आहे. सहगुणक सांगतो की तो किती आहे.

नातीच्या वहीत आम्ही पाण्याचे उदाहरण घातले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी होते. डावीकडे हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचे दोन. उजवीकडे पाण्याच्या एका रेणूत, म्हणजे 'एच टू ओ'मध्ये, हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एकच. एक अणू कमी पडतो. तो कसा भरून काढावा? तिने क्षणभर विचार केला आणि 'ओ'च्या पायाशी हळूच एक दोन लिहिला. 'एच टू ओ टू'. दोन्ही बाजू जुळल्या आणि तिचा चेहरा खुलला.

तेहेतीस वर्षांत हा खुललेला चेहरा आम्ही दर वर्षी पाहिला आहे. आम्ही तिला सांगितले, "बाय, हिशेब जुळला खरा, पण पाणी गेले. 'एच टू ओ टू' म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळते ते. त्याने केसांचा रंग उडतो. तहानलेल्याच्या हाती तू त्याचा पेला देणार आहेस का?" मग योग्य रीत दाखवली. पाण्याच्या आधी दोन लिहावयाचे. त्यामुळे हायड्रोजन वाढतो, म्हणून डावीकडे हायड्रोजनच्याही आधी दोन:

२ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी

वजनाने पाहिले तरी ४ आणि ३२ मिळून ३६. संतुलन साधताना 'किती' हे बदलण्याची मुभा आहे; 'काय' हे बदलण्याची नाही. आपला हिशेब जुळावा म्हणून समोरच्या वस्तूचा स्वभावच बदलून लिहिणे हा रसायनशास्त्रातील सर्वांत मोठा अपराध होय.

नंतर कंसातील अक्षरे आली. पदार्थाच्या पुढे कंसात 'एस' असेल तर तो स्थायू, 'एल' असेल तर द्रव, 'जी' असेल तर वायू, आणि 'एक्यू' असेल तर पाण्यात विरघळलेला. बाणावर लहानसा त्रिकोण काढला तर त्याचा अर्थ तापवावे. बाणाच्या वर आणि खाली परिस्थिती लिहितात: किती तापमान, किती दाब, कोणता उत्प्रेरक. जे पदार्थ ना डावीकडचे ना उजवीकडचे, पण ज्यांच्यावाचून डावीकडून उजवीकडे जाता येत नाही, त्या साऱ्यांची जागा तेथे.

एवढे झाल्यावर तिने पहिल्या समीकरणाकडे पुन्हा बोट नेले. "आणि ही उष्णता? ती काही पदार्थ नाही. तिला रेणुसूत्र नाही. तुमच्या तराजूत तिचं वजनही होत नाही. मग ती उजवीकडे कशी चालते?"

आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि गप्प झालो. अंगणात चुना अजून खदखदत होता. हाच प्रश्न, याहून पुष्कळ वेगळ्या शब्दांत, एकदा आमच्यापुढे आलेला होता. आणि त्याचे उत्तर आम्ही तांबड्या पेन्सिलीने दिले होते.

१९७६ सालची गोष्ट. आम्हांला शाळेत लागून एकच वर्ष झालेले. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. त्याचे घर नदीकाठी चुन्याच्या भट्टीपाशी. सकाळी भट्टीवरचे काम उरकून तो शाळेत येई. त्याच्या बोटांची कातडी नेहमी फाटलेली आणि नखांच्या कडा पांढऱ्या असत. तो फारसा बोलत नसे. वार्षिक परीक्षेत पाच गुणांचा एक प्रश्न होता: चुना विरवताना होणारी अभिक्रिया समीकरणाने लिहा. इतर मुलांनी रेणुसूत्रे लिहिली; कोणाची बरोबर, कोणाची चूक. या मुलाने लिहिले होते ते असे:

कळीचा चुना + पाणी → भिजलेला चुना + ऊब

आणि बाणाच्या वर बारीक अक्षरांत: 'हळू ओतावे'. बाणाच्या खाली: 'डोळे सांभाळावेत'.

आम्ही तो कागद शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला. सारे हसले. आम्हीही हसलो. 'डोळे सांभाळावेत' हे वाक्य त्यानंतर काही दिवस खोलीत विनोदाने चालत राहिले. त्या उत्तराला आम्ही शून्य दिले. रेणुसूत्रे नाहीत, संतुलन नाही, आणि ऊब हा काही पदार्थ नव्हे, असा शेराही लिहिला. विज्ञानात त्याला ३२ गुण पडले. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत.

निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई पाण्याचा तांब्या ठेवावयास आला. तो त्याच वाड्यावरचा. जाता जाता, आमच्याकडे न पाहता, तो म्हणाला, "ताच्या बापायचो एक दोळो चुन्यान गेला, सर."

एवढेच. त्यात तक्रार नव्हती. आम्हांला त्या क्षणी जे वाटले त्याचे वर्णन करण्याचे टाळतो. निकालपत्रकावर सही होऊन ते लागलेले होते. पुन्हा तपासणी मागितली असती तर गुण बदलता आले असते की नाही, हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. कारण आम्ही ते विचारलेच नाही. नवा मास्तर, पहिलेच वर्ष, आपली चूक आपणच पुढे कशी मांडावी, असे वाटले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेवटचा बाक रिकामा होता. मुलगा खनिज वाहणाऱ्या एका बार्जवर कामाला लागला, असे कळले. पुढे त्या घरची मंडळीच गाव सोडून गेली आणि भट्टीही विझली.

हे सर्व आम्ही नातीला सांगितले. कधी कोणाला सांगितले नव्हते, घरातही नाही. ती वहीवर हनुवटी टेकून ऐकत होती. मग तिने पुस्तकातील ओळ पुन्हा वाचली. त्या ओळीच्या अखेरीस, उजवीकडे, स्वच्छ छापलेले होते: अधिक उष्णता.

"म्हणजे त्याचं बरोबर होतं."

"होय," आम्ही म्हणालो. उष्णतेला तराजूवर वजन दिसत नाही, हे खरे. परंतु कळीचा चुना आणि पाणी यांच्यात जी ऊर्जा साठलेली असते तिच्याहून विरलेल्या चुन्यातील ऊर्जा कमी असते. उरलेली बाहेर पडते. ती अभिक्रियेतूनच निघाली, म्हणून तिची जागा उजवीकडे. वजनाच्या वहीत तिची नोंद होत नाही. ऊर्जेची वही वेगळी आहे आणि तीही तितक्याच काटेकोरपणे जुळावी लागते. अशा अभिक्रियेला ऊष्मादायी म्हणतात. शिंपला भट्टीत भाजताना उलट प्रकार. तेथे उष्णता बाहेरून पुरवावी लागते, म्हणून ती डावीकडची. भट्टीत लाकूड-कोळसा जाळून जी ऊब घातली, तिचाच काही अंश कळीच्या चुन्यात दबा धरून बसतो आणि पाण्याचा स्पर्श होताच बाहेर येतो. चुन्याच्या खड्ड्याशी लहानपणापासून उभ्या राहिलेल्या मुलाला हे ठाऊक होते. पुस्तकातून ते शिकलेल्या आम्हांला नव्हते. आम्ही समीकरणातील चिन्हे वाचीत होतो. तो ज्या गोष्टीची ती चिन्हे आहेत ती गोष्ट लिहीत होता. आणि आम्ही काय केले? आमचा हिशेब आमच्या रीतीने जुळावा म्हणून त्याच्या पायाशी एक अंक लिहून टाकला: शून्य. 'किती' हे ठरवण्याचा अधिकार आम्हांला होता. 'काय' हे आम्ही बदलले.

"मग त्याला किती गुण द्यायला हवे होते?" नातीने विचारले.

मास्तरांना अशा वेळी उदार होण्याचा मोह होतो. पाचपैकी पाच म्हणून मोकळे व्हावे असे वाटते. पण तोही एक खोटा हिशेब झाला असता. आम्ही पेन्सिल घेतली. अभिकारक बरोबर ओळखले: एक. उत्पादित बरोबर: एक. उष्णता योग्य बाजूस: एक. रेणुसूत्रे नाहीत: शून्य. सूत्रांवाचून संतुलन दाखवता येत नाही: शून्य. पाचांपैकी तीन.

"बत्तीस अधिक तीन," ती म्हणाली आणि थांबली. पुढची बेरीज तिने केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि बाणावर लिहिलं होतं त्याचे?"

"त्याला गुण नव्हते."

"नव्हते, की दिले नाहीत?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

दिवस कलला तसा खड्ड्यातील चुना निवाला. गवंड्याने त्यावर चार बोटे पाणी राखून वर गोणपाट टाकले. चुना असा मुरू द्यावा लागतो. जितका मुरेल तितका चांगला. नंतर वाळू मिसळून तो भिंतीवर चढेल, आणि तेथे तिसरे समीकरण सुरू होईल:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

७४ आणि ४४ एका बाजूस, १०० आणि १८ दुसऱ्या बाजूस. भट्टीतून जितका वायू उडून गेला होता तितकाच चुना हवेतून परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. पातळ सफेदी दोनतीन दिवसांत हे काम उरकते. जाड गिलाव्याच्या पोटात ते महिनेन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. शिंपल्यापासून निघालेला पदार्थ असा पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्यात येतो. पण हे चक्र पूर्ण झाले असे म्हणताना जपून बोलावे. द्रव्य तेच असले तरी शिंपला परत मिळत नाही. मिळते ती भिंत. प्रत्येक बाण पुढेच गेलेला असतो. बत्तिसात तीन मिळवून आज पस्तीस होतात. पण १९७६ चा तो जून त्यामुळे परत येत नाही आणि शेवटचा बाक भरत नाही. त्या बेरजेतून काही मिळालेच, तर तेही असेच वेगळ्या रूपाने मिळावे लागेल.

आता भिंती कोरड्या आहेत. गेल्या श्रावणात देवघराच्या कोपऱ्यात बुरशी आली नाही. हात लावला तर गिलावा गार लागतो. त्याच्या पोटात तिसरे समीकरण अजून चाललेले असेल, आणि आम्ही घरातील माणसे जो श्वास सोडतो त्यातील थोडा अंश त्याच्या डाव्या बाजूस जमा होत असेल.

त्या रात्री नातीने आपल्या वहीत दिवसभराची समीकरणे सुवाच्य अक्षरांत उतरवून काढली आणि तपासण्यासाठी वही आमच्यापुढे ठेवली. रेणुसूत्रे बरोबर होती. संतुलन बरोबर होते. कंसातील अक्षरे जागच्या जागी होती. चुना विरवण्याच्या समीकरणात उजवीकडे उष्णता होती. आणि बाणाच्या वर बारीक अक्षरांत तिने लिहिले होते, 'हळू ओतावे', आणि खाली, 'डोळे सांभाळावेत'.

जुन्या सवयीने तांबडी पेन्सिल आमच्या हाती आलेली होती. आम्ही ते खोडले नाही.